पानाआडचा बिऱ्हाडकरू

नव्याने पक्षी पाहू लागलेल्या माणसाची दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात एक पंचाईत होते. तोवर तांबट, खंड्या, कोतवाल, वेडा राघू, नाचण ही मंडळी घरची झालेली असतात. घार आणि शिक्रा यांची गफलत होत नाही. मग एके सकाळी डोक्यावरच्या झाडात काहीतरी हलतं. हिरवट, बारीक, सारखं चुळबुळणारं. दुर्बीण डोळ्याला लागेपर्यंत ते पलीकडच्या फांदीवर गेलेलं असतं, आणि तिथे दिसलंच तर पोटाकडून. बरोबरच्या जाणत्याला विचारावं तर तो मान वर न करता म्हणतो, “काही नाही, वॉर्ब्लर आहे,” आणि पुढे चालू लागतो.

हे पुस्तक त्या ‘काही नाही’बद्दल आहे.

त्याचं नाव हिरवट पर्ण वटवट्या. इंग्रजीत ग्रीनिश वॉर्ब्लर, शास्त्रीय नाव फायलोस्कोपस ट्रोकिलॉइडिस. लांबी 10 सेंटिमीटरच्या आसपास, वजन 7-8 ग्रॅम. 2011 नंतर निघालेली रुपयाची दोन नाणी तळहातावर ठेवावीत, एवढंच. एवढ्या ऐवजावर हा पक्षी बाल्टिक किनाऱ्यापासून सायबेरियातल्या येनिसेई नदीपर्यंत पसरलेल्या जंगलांतून निघतो, तिबेटच्या पठाराला पश्चिमेकडून वळसा घालतो आणि बहुतेक प्रवास रात्री उरकत भारतात उतरतो. एस्टोनिया ते पुणे अशी नकाशावर सरळ रेघ ओढली तरी अंतर सहा हजार किलोमीटरच्या घरात जातं, आणि पक्षी काही सरळ रेघेत येत नाही. वायव्य हिमालयात घरटी करणारे त्याचे भाऊबंद त्या मानाने शेजारचेच म्हणायचे.

सप्टेंबर उतरणीला लागला की महाराष्ट्रात त्याची हाक ऐकू येऊ लागते. शेवटचे पक्षी एप्रिलअखेर निघतात. उत्तरेकडच्या जंगलांत ते मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला पोहोचतात, शेवाळलेल्या बांधात किंवा मुळांच्या बेचक्यात जमिनीलगत घुमटाकार घरटं करतात, पिल्लं उडवतात आणि ऑगस्टमध्ये परतीला लागतात. हिशेब सरळ आहे. वर्षातले अडीच-तीन महिने ते ज्याला आपण त्यांचं घर म्हणतो तिथे असतात, सात महिन्यांच्या वर आपल्याकडे. तरी आपल्या याद्यांमध्ये त्यांच्यापुढे ‘हिवाळी पाहुणा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि पाहुण्याची चौकशी करतात तेवढीच आपण त्यांची करतो. त्यांच्यावरची पुस्तकं बहुतेक युरोपात लिहिली गेली. ती दोनच प्रसंगांभोवती फिरतात: एक घरट्याचा काळ, दुसरा वाट चुकून ब्रिटनच्या किनाऱ्यावर आलेला एखादा पक्षी. इंग्लंडमध्ये हा पक्षी पहिल्यांदा 1896 साली लिंकनशायरमध्ये नोंदला गेला. आजही तिथल्या पूर्व किनाऱ्यावर एखादा आल्याची बातमी फुटली की लोक रात्रभर गाडी चालवून पाहायला जातात. आपल्याकडे तोच पक्षी हाउसिंग सोसायटीच्या करंजावर महिनोन्‌महिने ओरडत असतो आणि खाली बाकावर बसलेल्या कुणाला त्याचा पत्ता नसतो.

माझं म्हणणं एवढंच, की या पक्ष्याला समजून घ्यायचं तर ते इथेच घ्यावं लागेल. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग इथे जातो. त्याची भूक, त्याची भांडणं, त्याच्या पिसांची झीज, हे सगळं आपल्या झाडांवर घडतं.

गंमत म्हणजे विज्ञानालाही तो पहिल्यांदा भेटला तो हिवाळी मुक्कामातच. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ कार्ल सुंडेवाल याने 1837 साली त्याचं वर्णन केलं, ते कोलकात्याच्या नमुन्यावरून. एडवर्ड ब्लाइथ 1841 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून आला, आणि दोनच वर्षांत त्याने याच कुळातल्या आणखी दोन प्रकारांना नावं दिली: व्हिरिडॅनस आणि निटिडस. त्यातला व्हिरिडॅनस म्हणजे महाराष्ट्रात आपण पाहतो तो. हे पक्षी घरटी कुठे करतात, गातात कसे, याची ब्लाइथसमोर काही माहिती नव्हती. त्याच्यासमोर होती हिवाळ्यात मारलेल्या पक्ष्यांची कातडी. पिसांचा रंग, चोचीची लांबी, पंखातल्या पिसांचा क्रम, एवढ्यावर त्याने जे ताडलं ते बरंचसं टिकलं, याचं मला अजून नवल वाटतं.

या छोट्या हिरव्या पक्ष्यांचं वेड लागलेली माणसं त्या काळात आणखीही होती. डब्ल्यू. ई. ब्रुक्स हा ईस्ट इंडियन रेल्वेचा इंजिनिअर. आसनसोलच्या बाजूला रुळांची कामं पाहता पाहता तो पर्ण वटवट्यांमध्ये इतका मुरला, की आज भारतात दिसणाऱ्या अनेक जातींची नावं त्याने ठेवलेली आहेत. त्यातल्या एकीला त्याने आपल्या मित्राचं नाव दिलं, ह्यूमचा पर्ण वटवट्या. हा ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमच. डिसेंबर 1885 मध्ये मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. त्याच वर्षी ह्यूमचा हजारो पक्ष्यांचा संग्रह सिमल्याहून लंडनला ब्रिटिश म्युझियमकडे गेला. शाळेच्या इतिहासात यातली पहिली गोष्ट शिकवतात. दुसरीही सांगायला हरकत नव्हती. आणि थेट आपल्या मातीतला संबंध हवा असेल, तर मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सने 1832 साली प्रसिद्ध केलेल्या पक्षियादीत एका मातकट वटवट्याचं वर्णन आहे. तो आज साइक्सच्याच नावाने ओळखला जातो. तो झुडपांतला आणि बाभळींतला, आपला पानांतला, त्यामुळे त्याला इथेच सोडतो.

आता ओळखीकडे येऊ. पुस्तक चाळणारा सगळ्यात आधी तेच पान उघडणार, हे मला ठाऊक आहे.

पक्षी ओळखायचा म्हटलं की नवशिका रंगाकडे धावतो, आणि या कुळात पहिला दगा रंगच देतो. उन्हातल्या पानांखालून पाहिलं की पांढरं पोटही हिरवट दिसतं, संध्याकाळी पिवळं दिसतं, ढगाळ हवेत राखाडी. एकाच पक्ष्याचे पाच मिनिटांतले तीन फोटो घेतले तर तीन जाती वाटाव्यात. म्हणून आधी आकार आणि खुणा पाहाव्यात, रंग सर्वांत शेवटी.

भुवई पाहा. फिकट, पिवळसर पांढरी आणि लांब. डोळ्याच्या पुढे ती चोचीच्या मुळापर्यंत पोहोचते आणि समोरून पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या भुवया चोचीवर जवळपास जुळतात. तिच्याखालून डोळ्यातून जाणारी गडद रेघ. डोक्याच्या मधोमध पट्टा नसतो, कमरेवर फिकट डाग नसतो; पाठ एकसारखी राखाडी छटेची हिरवी. चोचीचा वरचा भाग काळपट, खालचा फिकट नारिंगी-गुलाबी, पार टोकापर्यंत. पाय राखी-तपकिरी. आणि पंखावर एक बारीक, आखूड, पांढुरकी आडवी रेघ. ही रेघ ही त्याची सर्वांत प्रसिद्ध खूण, आणि सर्वांत बेभरवशाचीही. पिसांच्या टोकांवरचा फिकट भाग झिजत जातो. ऑक्टोबरमध्ये स्वच्छ दिसणारी रेघ जानेवारीत शोधावी लागते आणि कधी कधी सापडतच नाही. रेघ नाही म्हणून हा पक्षी तो नाही, असा निवाडा घाईने देऊ नये.

गोंधळ घालणारे शेजारी आहेत, पण सगळे सारखे त्रास देत नाहीत. ह्यूमचा वटवट्या आणखी लहान आणि पंखावर दोन रेघांचा. पंखमिटीतल्या पिसांच्या कडाही त्याला फिकट असतात. चिफचॅफचे पाय आणि चोच दोन्ही काळी, आणि तो पाण्याकाठच्या बाभळींत रमतो. गंधकासारख्या पिवळ्या पोटाचा एक भाऊ आहे, तो खडकाळ टेकड्यांवर आणि किल्ल्यांच्या पडक्या तटांवर दगडांतून, बुंध्यांवरून किडे टिपत फिरतो. त्याला पाहून कुणी फसत नाही, जागाच सगळं सांगून टाकते. ब्लाइथच्याच नावाचा बोरूतला वटवट्या झुडपाच्या पोटात दडून ‘चक्‌, चक्‌’ करत राहतो. तो तपकिरी, त्याचं गणितच वेगळं.

खरी अडचण सह्याद्रीच्या दाट झाडीत येते. तिथे दोन जण भेटतात. एकाच्या डोक्यावर मधोमध फिकट पट्टा असतो. तो अंगाने जरा भरदार, मिश्र थव्यांतून फिरणारा. डोकं दिसलं की प्रश्न मिटतो. पण उंच झाडाखाली उभ्या माणसाला पक्ष्याचं डोकं दिसतं किती वेळा? दुसरा मोठ्या चोचीचा. त्याची चोच लांब, जाड, गडद, टोकाला किंचित वाकलेली. डोकं पाठीपेक्षा गडद, पंखावर रेघ असून नसल्यासारखी. नुसत्या डोळ्यांनी, पानांच्या फटीतून, याला आपल्या हिरवटापासून वेगळा काढणं अवघड आहे. मी नेमाने जातो त्या जंगलवाटेवर एका वळणावर ओढ्याच्या दोन्ही अंगांना हे दोघे असतात: सावलीच्या बाजूला मोठ्या चोचीचा, उजेडाच्या बाजूला, जिथे ऐन-किंजळ विरळ होतात तिथे, हिरवट. तिथे उभं राहिलं की दोघांच्या हाका एकापाठोपाठ कानावर येतात, आणि जे चित्रांच्या पुस्तकात कळत नाही ते पाच मिनिटांत कळतं. हिरवटाची हाक आखूड, टोकदार, दोन मात्रांची: ‘चिस्‌-ली’. पांढऱ्या धोब्याची आठवण व्हावी अशी. मोठ्या चोचीच्याच्या हाकेतही दोन स्वर, पण पहिला खालचा आणि दुसरा चढत गेलेला, मध्ये किंचित थांबा. एकदा हा चढ कानात बसला की मग वर पाहण्याची गरजच उरत नाही.

आवाजावरून जाती वेगळ्या काढण्याची युक्ती जुनी आहे. इंग्लंडात सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने 1768 मध्ये लिहून ठेवलं, की लोक एकच समजतात ते छोटे हिरवट पक्षी प्रत्यक्षात तीन आहेत, कारण तिघांचं गाणं तीन तऱ्हेचं आहे. त्याच्या हातात दुर्बीण नव्हती, चांगली चित्रं नव्हती. रोज त्याच वाटेने चालणारे पाय आणि तयार कान, एवढंच भांडवल. आपल्याकडे हिवाळ्यात पूर्ण गाणं क्वचित ऐकू येतं. मार्च-एप्रिलमध्ये निघण्याआधी कुणी गळा मोकळा करतो तेवढाच. पण हाक दिवसभर चालू असते. फोनवरच्या ॲपने आवाज ओळखून देणं सोपं झालं आहे, आणि मी त्याच्या विरोधात नाही. मात्र ॲपने नाव सांगितल्यावर माणूस ऐकायचं थांबतो, तिथे माझी तक्रार आहे. नाव कळलं, आता ऐक, असं व्हायला हवं.

जवळून पाहायचं असेल तर गावाबाहेरच्या एखाद्या वडाखाली किंवा पिंपळाखाली सकाळी ऊन फांद्यांत शिरल्यावर बसावं. पक्षी फांदीच्या टोकाकडे असतो, आत क्वचित. तो पानावरून पानावर जातो, पण प्रत्येक पान तपासत नाही. मान तिरकी करून वरच्या पानाची खालची बाजू पाहतो. काही दिसलं तर उडी, कधी पंख फडफडवत हवेतच क्षणभर तरंगून टिपलेला किडा. पंखांना एक झटका देण्याची त्याला सवय असते, अगदी हलका. कुठूनही नजर तिकडेच जाते. किडा मोठा असला, हिरवी अळी असली, तर ती फांदीवर दोन-चारदा आपटतो. मग चोच दोन्ही बाजूंनी पुसतो, एकदा ओरडतो, पुढे. दहा मिनिटांनी लक्षात येतं, की तो झाडाबाहेर गेलेलाच नाही. वडाच्या एका अंगाला गेला, दुसऱ्या अंगाने परत आला. पलीकडच्या झाडावरून तशीच हाक आली की याची हाक वाढते, एकाच जागी बसून तो तीच तीच लावून धरतो. सीमेवर दुसरा दिसला तर पाठलाग. हे दृश्य ज्याने एकदा सावकाश पाहिलं, त्याच्यासाठी हा पक्षी ‘काही नाही’ राहत नाही.

हा ताबा हौसेपुरता नसतो. ट्रेव्हर प्राइस या शास्त्रज्ञाने पूर्व घाटात या पक्ष्यांचा हिवाळा अभ्यासला. 1981 मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात तो लेख आला. हिवाळ्यात हे पक्षी एकेकटे आपापला प्रदेश राखतात हे त्यात मांडलेलं आहे. वीण नाही, जोडीदार नाही, पिल्लं नाहीत, तरी एवढी राखण कशासाठी? खाण्यासाठी. पुढे प्राइस आणि मधुसूदन कट्टी यांनी तमिळनाडूत मुंडनथुराईच्या जंगलात पाऊस, पानांवरचे किडे आणि या पक्ष्यांच्या अंगावरची चरबी यांचा संबंध तपासला. सायबेरियात वाढलेल्या पक्ष्याचं जगणं-मरणं तमिळनाडूत परतीचा पाऊस कसा झाला याला बांधलेलं असू शकतं, ही कल्पनाच मला त्या लेखांमधली सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडेही पानगळीच्या जंगलात फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं उघडी पडतात. तेव्हा ओढ्याकाठचे करंज, आंबे, जांभळी आणि रस्त्याकडेचे वड यांना काय किंमत येते, ते या पक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर कळतं. रस्तारुंदीत शंभर वर्षांचा वड जातो तेव्हा बातमीत सावली गेल्याचं दुःख असतं. ठीकच आहे. पण त्या वडावर एखाद्याचा सात महिन्यांचा संसारही होता.

म्हणूनच एक विनंती मी आत्ताच करून ठेवतो. फोनवर याची हाक वाजवून पक्षी जवळ बोलावू नका. त्याला ते गंमत म्हणून ऐकू येत नाही. घुसखोर आला म्हणून तो खाणं टाकून धावत येतो. फोटो छान मिळतो. खर्च त्याचा.

या पक्ष्यांचा हातात घेऊन अभ्यास व्हायला लागला त्यामागे एक साथ आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. 1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात शिमोग्याकडच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसंही तापाने आजारी पडली. क्यासनूर जंगल रोग, आपल्याकडे माकडताप. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या भागात 2016 मध्ये तो आला तेव्हा हे नाव मराठी वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचलं. पन्नासच्या दशकात तो विषाणू रशियातल्या गोचिडीवाटे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी जवळचा निघाला, आणि संशय सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांवर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अली यांच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. बारीक सुताची जाळी लावायची, पक्षी अलगद सोडवायचा, मापं घ्यायची, पायात क्रमांकाची कडी घालायची आणि सोडून द्यायचा. माकडतापाचं चक्र इथल्याच जंगलातल्या गोचिडी, छोटे सस्तन प्राणी आणि माकडं यांच्यात फिरतं हे पुढे दिसून आलं. पण त्या निमित्ताने भारतीय पक्षिअभ्यासाला स्थलांतराची मोजदाद करण्याची शिस्त लागली. पर्ण वटवट्यासारख्या पक्ष्याच्या बाबतीत याला फार अर्थ आहे. पंखातलं कितवं पीस कितव्यापेक्षा आखूड, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही, आणि काही भावंडांमध्ये खात्रीचा फरक तेवढाच असतो.

आता या पुस्तकातल्या सर्वांत लांब प्रकरणाविषयी. ते हौशी वाचकाला जड वाटेल, तरी टाळू नये.

क्लॉड टाइसहर्स्ट या इंग्रज डॉक्टरने 1938 मध्ये फायलोस्कोपस या सगळ्या प्रजातीचा आढावा प्रसिद्ध केला. संग्रहालयातली कातडी ओळीने मांडून पाहताना त्याला दिसलं, की हिरवट पर्ण वटवट्या तिबेटच्या पठाराभोवती कडं करून राहतो. पठारावर झाडं नाहीत, म्हणून मध्ये तो नाही. दक्षिणेला हिमालयाच्या उतारावर एक रूप. तिथून पश्चिमेकडे, काश्मीर, मध्य आशियाच्या डोंगरांतून उत्तरेला जावं तसं रूप हळूहळू बदलत व्हिरिडॅनस होतं. पूर्वेकडे, चीनमधून उत्तरेला जावं तसं दुसऱ्याच रीतीने बदलत प्लम्बीटार्सस होतं, पंखावर दोन ठळक रेघांचं. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फरक अगदी थोडा. पण मध्य सायबेरियात ही दोन टोकं पुन्हा एकत्र येतात, आणि तिथे ती दोन वेगळ्या जातींसारखी वागतात. चार वर्षांनी अर्न्स्ट मायरने आपल्या ग्रंथात हे उदाहरण घेतलं आणि ‘वलय जाती’ म्हणून ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं.

टाइसहर्स्टने हे कातड्यांवरून ताडलं. ते जिवंत पक्ष्यांवर तपासलं डॅरन अर्विन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. प्राइसही त्यात होते. ‘नेचर’मध्ये 2001 साली त्यांचा लेख आला. त्यांनी कड्याभोवती ठिकठिकाणची गाणी ध्वनिमुद्रित केली. हिमालयातलं गाणं आखूड आणि साधं. दोन्ही बाजूंनी उत्तरेला जाताना ते लांब आणि गुंतागुंतीचं होत जातं, पण दोन्हीकडची गुंतागुंत वेगवेगळी. सायबेरियात एका बाजूच्या नराला दुसऱ्या बाजूचं गाणं ऐकवलं तर तो सहसा दखलच घेत नाही. प्रतिस्पर्धी म्हणून तो ते ओळखतच नाही. एकच भाषा दोन वाटांनी फिरत गेली आणि शेवटी समोरासमोर आल्यावर परस्परांना परकी झाली.

हे चित्र इतकं देखणं आहे, की त्यावर थोडा अविश्वास दाखवायलाच हवा, आणि तोही याच संशोधकांनी दाखवला. 2014 मध्ये पुन्हा ‘नेचर’मध्येच जनुकांचा बारकाईने केलेला अभ्यास आला. कडं पूर्वी वाटलं तितकं अखंड नव्हतं. मधल्या काळात काही ठिकाणी ते तुटलेलं असावं, पुन्हा जोडलं गेलं असावं. सायबेरियातली दोन टोकंही अगदीच कोरडी राहिलेली नाहीत, थोडी जनुकीय देवाणघेवाण झालेली दिसते. उत्तर चीनमध्ये आज कड्यात एक फट आहेच. मला हा दुसरा लेख पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. पहिला उदाहरण देतो, दुसरा इतिहास.

याचा झाडाखाली दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी काय संबंध? बराच. पर्ण वटवट्यांची पुस्तकं दर काही वर्षांनी जातींची संख्या बदलतात. प्लम्बीटार्सस आता बहुतेक याद्यांत स्वतंत्र जात आहे. ब्लाइथचा निटिडस, म्हणजे कॉकेशस, उत्तर तुर्कस्तान आणि इराणच्या जंगलांतून येणारा हिरवा वटवट्या, तोही वेगळा झाला आहे. लोक वैतागतात, ‘हे शास्त्रज्ञ रोज नावं बदलतात’ म्हणतात. त्यांनी हे प्रकरण वाचावं. जिथे जाती अजून घडताहेत, तिथे रेघ कुठे ओढायची यावर मतभेद होणारच, आणि तो मतभेद पक्ष्याच्या चुकीमुळे नाही की शास्त्रज्ञाच्या हट्टामुळे नाही. मैदानात त्यातून एक सवय लावून घ्यावी: काही पक्षी वहीत ‘पर्ण वटवट्या, जात नक्की नाही’ असेच लिहून ठेवावेत. ज्या वहीत अशा नोंदी नाहीत त्या वहीतल्या बाकीच्या नोंदींवर माझा विश्वास कमी बसतो.

पुस्तक वापरायची माझ्या मनातली रीत सांगतो. सप्टेंबरात पुस्तक घरी ठेवा. रोज ज्या रस्त्याने जाता तिथली एक-दोन झाडं धरा, आणि पहिली ‘चिस्‌-ली’ कोणत्या तारखेला आली ते लिहा. डिसेंबरात एका पक्ष्याचा ताबा किती झाडांवर पसरला आहे ते पाहा, आणि त्याच्या सीमेवर कोण आहे तेही. मग चोचीचा रंग, भुवई, रेघ यांची पानं उघडा. तोवर डोळ्याला काय शोधायचं ते कळलेलं असेल. मार्चपासून कान जास्त उघडे ठेवा, कारण गाणं ऐकू आलं तर तेव्हाच. शेवटची हाक कधी ऐकली तेही लिहा. पहिल्या तारखेची आठवण सगळ्यांना राहते, शेवटच्या तारखेची कुणालाच नाही, म्हणून तिची किंमत जास्त.

आणि कोकणात, गोव्यात, दक्षिण सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्यांना एक काम सांगून थांबतो. निटिडस हिवाळ्याला पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आणि श्रीलंकेत जातो. तो ताज्या पिसांत व्हिरिडॅनसपेक्षा हिरवागार आणि पोटाकडे पिवळा असतो, पण रंगाचं काय होतं ते वर आलंच आहे. त्याची हाक सहसा तीन मात्रांची भासते, ‘चि-रि-वी’, दोनची नाही. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये, ये-जा चालू असताना, अशी तीन मात्रांची हाक कानावर आली तर फोनवर तीस सेकंद ध्वनिमुद्रण करा, ठिकाण आणि तारीख बोलून त्यातच नोंदवा, आणि झाड कोणतं होतं तेही सांगा.